नेव्हिल जागा सोडून का गेला

९ एप्रिल, शनिवार

सलगमाच्या शेतात आज तीन वॉलबी पाडल्या; कांगारूंची ही धाकटी भावंडं सगळं पीक खातात. दोन नर, एक मादी. मादीची पिशवी चार वेळा चाचपली. रिकामी होती. तरी गाडीत टाकताना पुन्हा एकदा हात घातला. डेस कुंपणापाशी उभा राहून बघत होता. म्हणाला, एकदा बघितलं की झालं, पिल्लू काय आकाशातून पडणार आहे? नवऱ्याला काय सांगू! वर्ष होत आलं, माझे हात ऐकत नाहीत.

मागचे पाय सोलून थंडीत टांगले. बाकीचं कुत्र्यांना.

११ एप्रिल

कपडे धुवायच्या खोलीत काहीतरी खरवडल्यासारखा आवाज. सगळ्या टोपल्या उपड्या केल्या. काही नाही.

१४ एप्रिल, गुरुवार

अ‍ॅथोल आला होता. वॉलबींचा हाका तीस तारखेला ठरला. ऐंशीला टेकलाय, पण दरीतला हाका अजून त्याच्याच हुकमाने चालतो. यंदा नवी पोरं पुष्कळ आहेत, म्हणून नियम नीट समजावून सांगायचे म्हणे. आणि उदाहरण कुणाचं? नेव्हिलचं! "भोंगा वाजायच्या आधी जागा सोडली की काय होतं, ते पोरांना कळू दे," असं म्हणाला. वर बिस्किटं मागून घेतली दोन.

मी हो म्हटलं. हो! जीभ झडली नाही माझी.

गेल्या वर्षी मे महिन्याच्या एक तारखेला आम्ही सहा जण उताराच्या माथ्यावर होतो. चाळीस-चाळीस पावलांवर एकेक. नेव्हिल माझ्या डावीकडे, त्याच्या पलीकडे डेस, मग बाकीचे. खालून हाकेकरी कुत्री घेऊन वर येतात, वॉलबी झुडपांतून उसळतात आणि आमच्या पुढ्यात येतात. गाडीचा भोंगा तीनदा वाजेपर्यंत कुणी हलायचं नाही, पुढ्यात काहीही पडलेलं असो. नेव्हिल त्याच्या जागेच्या वीस पावलं खाली, गवतात सापडला. छर्रे मानेत. सगळ्यांची काडतुसं एकाच खोक्यातली, त्यामुळे कुणाचा बार ते ठरलंच नाही. पोलिसांनी प्रत्येकाला विचारलं, त्याला खाली जाताना पाहिलंत का, काही ऐकलंत का. प्रत्येकाने नाही म्हटलं. मीसुद्धा. कागदावर लिहिलं गेलं, मृताने स्वतःहून जागा सोडली.

१७ एप्रिल, रविवार

नेव्हिलची बायको रेविन आली. पायांचं मांस काढायला दरवर्षी ती येतेच, नवरा गेला म्हणून यंदा चुकवील अशी बाई नाही. हाक्याच्या दुपारी साठ माणसांना मांस भरून भट्टीत भाजलेले ‘पाय’ लागतात. (डेस नेहमीचा विनोद करतो, वॉलबीचे पाय असतात म्हणूनच पाय म्हणतात. या पदार्थाला मैद्याच्या कवचातला रस्सा म्हणावं तर कुणी खाणार नाही.)

ती शिरा काढत होती, मी तुकडे करत होते. या मांसाला चरबी म्हणून नाही. डुकराची खारवलेली चरबी घातली नाही, मंद आचेवर चार तास ठेवलं नाही, तर चपलेचा तळ होतो. कांदे परतले, मिरी, काळी बिअर, आळूबुखार. घरभर वास. पूर्वी या वासाने मी पातेल्यातूनच खायची. आता तुकडा तोंडात घेऊन मीठ बघायचं तरी घशाखाली उतरत नाही. रेविनला चाखायला लावलं.

तिने चमचा धुतला आणि पाठमोरीच बोलायला लागली. त्या सकाळी त्यांचं भांडण झालं होतं. काहीतरी क्षुल्लक, मेंढ्यांच्या गोठ्याच्या दारावरून. रेविन म्हणाली होती, तू नसतास तर मी कधीच गावात राहायला गेले असते. नेव्हिल काही न बोलता बंदूक घेऊन निघाला.

"तीस वर्षांत त्याने एकदा जागा सोडली नाही गं," ती म्हणाली. "दुसऱ्यांना शिकवायचा तो. मग त्या दिवशीच का? तो मुद्दाम गेला असेल का, नोएलीन? बंदुकांसमोर उभा राहायला?"

मी म्हटलं, वेडी का तू. एवढंच म्हटलं. कांद्याचं निमित्त करून बाहेर गेले.

१८ एप्रिल

वर्षभर ती हे पोटात घेऊन झोपतेय. आणि मला ठाऊक आहे! मला पहिल्यापासून ठाऊक आहे.

१९ एप्रिल, मंगळवार

लिहूनच टाकते. कागदाला तरी कळू दे.

मी एक मादी पाडली. ती गडगडत नेव्हिलच्या पुढ्यात जाऊन थांबली. मेली होती, पण पोट हलत होतं. पिशवीतलं पिल्लू. भोंग्यानंतर जवळचा माणूस जातो, पिल्लू बाहेर काढतो, डोक्यावर एक घाव घालतो. सगळे करतात, मीही केलंय शेकडो वेळा. तसंच टाकलं तर दोन दिवस तडफडून मरतं ते. नेव्हिल म्हणायचा, आईला मारलीत ना, मग पोराला ताटकळत ठेवू नका.

त्या दिवशी मला ते हलणारं पोट बघवेना. का, ते नाही सांगता येत. साठाव्या वर्षी एकाएकी मन कच्चं झालं. भोंग्याला अजून दहा मिनिटं तरी होती. मी ओरडले, "नेव्हिल, पिशवी हलतेय! तुझ्याजवळ आहे, बघ ना!"

आणि तोंड फिरवलं. तो बघेल, मला बघायला नको, म्हणून. तेवढ्यात कळप फुटला. चार-पाच बार एकदम झाले. मी वळले तेव्हा त्याची जागा मोकळी.

त्या पिल्लाचं काय झालं, तेही कुणी बघितलं नाही.

२२ एप्रिल, गुड फ्रायडे

देवळात रेविन माझ्या शेजारी बसली. तिचा हात माझ्या हातात. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, पाद्री काहीही बोलला तरी मलाच बोलतोय असं वाटत होतं.

२५ एप्रिल

रेविनला चिठ्ठी लिहिली. जाळली. पुन्हा लिहिली. ही माझी अक्कल!

कपडे धुवायच्या खोलीत पुन्हा तोच आवाज. डेसला ऐकू येत नाही. तो म्हणतो, उंदीर असेल. उंदीर मला ठाऊक नाहीत का? हे पोटातून बाहेर यायला धडपडणाऱ्याचं खरवडणं आहे.

२९ एप्रिल, शुक्रवार

चौसष्ट पाय भाजून झाले. डेसला सांगावं असं वाटलं, पण तो बिचारा आधीच वर्षभर गप्प गप्प असतो. नेव्हिल त्याचा शाळेपासूनचा दोस्त. त्याच्या डोक्यावर आणखी ओझं कशाला? उद्या अ‍ॅथोल तोंड उघडायच्या आत मी उघडणार. लिहून ठेवलं म्हणजे मागे फिरता येणार नाही.

३० एप्रिल, शनिवार

झालं.

सगळे गाड्यांपाशी जमले होते. रेविन टेबलावर कप मांडत होती. अ‍ॅथोल ट्रकच्या फाळक्यावर चढला आणि म्हणाला, "आपल्यातला एक चांगला माणूस नियम विसरला." मी म्हटलं, थांब. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

मी सांगितलं. तो नियम विसरला नाही, मी त्याला खाली पाठवला. पोलिसांना खोटं सांगितलं तेही सांगितलं. एक कुत्रं भाजलेल्या पायांच्या टोपल्या हुंगत फिरत होतं.

रेविन माझ्याजवळ आली. मारील असं वाटलं. मारायला हवं होतं.

"काय शब्द होते तुझे?" तिने विचारलं. मी जसेच्या तसे म्हणून दाखवले.

"पिशवी हलतेय म्हणालीस?" ती म्हणाली. "मग तो जाणारच होता." तिने कप खाली ठेवला. चेहरा असा सैल पडला की मी बघत राहिले. मग म्हणाली, "माझ्याकडे येऊ नकोस आता. मी बोलावेपर्यंत नको." आणि स्वतः गाडी चालवत गेली.

अ‍ॅथोलने हाका रद्द केला. भाजलेले पाय तसेच परत आणले. डेस सगळा रस्ता समोर बघत होता. लाज वाटत असेल त्याला माझी. वाटू दे, मी काही तक्रार करणार नाही.

१ मे, रविवार

डेसने चहा घेतला नाही. सकाळी स्वयंपाकघरात उभ्या उभ्याच बोलला.

"तू ओरडलीस ते मी ऐकलं होतं, नोएलीन. नेव्हिल खाली उतरला, तेही पाहिलं. मग एक मोठा नर आडवा गेला, आणि मी विसरलो. बार काढला."

बाहेर गाडी सुरू करून बसलाय. आधी रेविनकडे, मग पोलिसांकडे. मी बूट घालतेय.