लाकूड काय पळून जातंय?

अणदूर,
येळवशीच्या अवसेआधीचा सोमवार

गौरीशंकर भावजींना वहिनीचा शरणार्थ.

पाकीट पाहून दचकू नका, कुणी गेलेलं नाही. फोन असताना पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. तर फोनवर माझं अर्धं बोलणं झालं की तुमचं “बरं बरं वहिनी, गिऱ्हाईक आलंय” सुरू होतं. कागदाला गिऱ्हाईक येत नाही. तुमचं पित्त कसं आहे? शिवकन्याची कंबर? (हॉटेलातल्या भाकरी तिनं एकटीनं थापायच्या आणि पाटीवर ‘घरगुती चव’ लिहायचं, म्हणजे कंबर दुखणारच.) माझं विचाराल तर गुडघे धरलेत. तेही कामानं नाही, फोटो काढून. त्याचीच हकिकत सांगायची आहे, तेव्हा गल्ल्यावर दुसऱ्या कुणाला तरी बसवा.

राजनंदिनी पुण्याला नोकरीला गेली तेव्हा तिनं तिचा जुना फोन माझ्याकडं टाकला. आईला करमावं म्हणून. वाचनालयात मला फोटो काढायचं एक फाटकं पुस्तक सापडलं. तुम्हाला ठाऊक आहे, मी काहीही वाचते. आमचे हे, म्हणजे तुमचे अण्णा, होते तोवर मी खताच्या पोत्यावरचं वाचत होते, ते गेल्यावर मी पुस्तकांना लागले. त्यात लिहिलं होतं की झाडाझुडपांचा, जुन्या लाकडाचा फोटो घ्यायचा तर जवळ जा, खाली बसा, घाई करू नका, आणि नको ते चौकटीबाहेर ठेवा. ऊन कडक नको, आभाळ भरलेलं असावं, म्हणजे लाकडाच्या रेघा उठतात. आता आभाळ भरलं की हरभऱ्यावर अळी पडते. साऱ्या शिवारात ढग बघून खूश होणारी मी एकटीच. शेजारच्या धुरपताबाईनं त्या पायी आठवडाभर माझ्याशी बोलणं सोडलं होतं.

मग एकदा मी बांधावर बाभळीच्या खोडापुढं उकिडवी बसलेली पाहून तीच आली. “काय हरवलं गं?” म्हणून तीही शोधायला लागली. बराच वेळ शोधल्यावर तिनं विचारलं, काय शोधायलोत? मी म्हटलं, फोटो काढते. कशाचा? लाकडाचा. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “अगं, लेकराचा काढावा, पळत असतंय, हातचं जातंय. लाकूड काय पळून जातंय व्हय?” हे गावभर झालं. पिठाच्या गिरणीवर बायका मला विचारू लागल्या, काकू, आमच्या घरी एक मोडका पाट आहे, त्याला कधी वेळ देता?

लाकडाचेच फोटो का, हे तुम्ही कधी विचारलं नाही, पण सांगते. तुमच्या शिवांजलीच्या लग्नात घरच्यांचा फोटो होता. मी कडेला उभी होते. तो फोटोवाला म्हणाला, “काकू, जरा बाजूला.” मी सरकले. “अजून जरा.” अजून सरकले. असं सरकत सरकत मी आचाऱ्याच्या कढईपाशी पोचले आणि फोटो झाला. तुम्ही मधोमध फेटा सावरत होता, तुम्हाला ऐकू गेलं नसेल. तेव्हा नको ते चौकटीबाहेर ठेवावं, ही अक्कल मला पुस्तकातून आली असं समजू नका. झाडाला आणि लाकडाला मात्र समोर कोण बसलंय, कुंकू आहे का नाही, याचं काही पडलेलं नसतं.

आता आपल्या पेरायच्या तिफणीचं. ट्रॅक्टरनं पेरणी व्हायला लागल्यापासून ती लिंबाखाली टेकून होती. उन्हापावसानं राखेसारखी झाली होती, उभ्या चिरा गेल्या होत्या. बी सोडायच्या चाड्यात वाऱ्यानं माती साठून एकदांडी उगवली होती. (आपण जखमेवर चोळून लावतो, तोच पाला.) चाड्यावर मूठ मी धरायची आणि मागून रुमण्याचा दांडा तुमचे अण्णा दाबायचे. इतकी वर्षं दाबून दाबून त्या रुमण्याला वरच्या बाजूला त्यांच्या तळव्याएवढा खोलगटपणा आला होता. मला तो खोलगटपणा आणि एकदांडीचं फूल एका चौकटीत पाहिजे होतं. पहिल्यांदा माझीच सावली आली. दुसऱ्यांदा ढग नव्हते. तिसऱ्यांदा सगळं जमलं, मी श्वास धरला, आणि धुरपताबाईच्या शेळीनं येऊन फूल खाल्लं. फोटोत शेळीचं तोंड फार झकास आलंय. दुसरं फूल उमलेपर्यंत मी रोज जाऊन बसले. शेवटी एका सकाळी मिळाला. मला तो इतका आवडला की मी तो घरच्या ग्रुपवर टाकला.

इथं मी चुकले. एरवी त्या ग्रुपवर माझ्या कशालाही तुम्ही हात जोडलेलं चित्र पाठवता, कुणी वारल्यावर पाठवता तेच. त्या दिवशी तुमचा फोन आला. “वहिनी, काय पीस आहे! तिथं वाळवी लागून जाईल. हॉटेलापुढं ठेवू, अण्णांची आठवण राहील.” मी म्हटलं, न्हाय भावजी, ती हलवू नका. तुम्ही म्हणालात, येळवशीला आल्यावर बघू. आणि मी डोळे दाखवायला धाराशिवला गेले त्या दिवशी टेम्पो पाठवला. परत आले तर लिंबाखाली दाबलेली माती आणि बांधावर उपटून फेकलेली एकदांडी. धुरपताबाई तिथंच उभी होती. मी म्हटलं, बघ, पळालं लाकूड. ती हसली नाही.

मग मी तुमच्या हॉटेलात आले, ते तुम्हाला आठवत असेल. तिफणीला लाल-पिवळा ऑइल पेंट, वरून चकाकणारं वॉर्निश, चाड्यात प्लास्टिकची फुलं, भोवती विजेच्या माळा, आणि पाटी: ‘बळीराजा सेल्फी पॉइंट’. शिवकन्या मनापासून म्हणाली, “किती उठून दिसतंय न्हाय, वहिनी? आधी लईच भकास होतं.” तिला दोष नाही. पाहुणे यायचे म्हटल्यावर आपण भिंती सारवतो, लेकरांची तोंडं पुसतो, तसंच तिनं तिफणीचं केलं. रुमणं पत्र्याला अडत होतं म्हणून तुम्ही ते वरून कापलं. तेवढंच, हातभर.

तिथं तुम्ही मला म्हणालात, “वहिनी, मधी या, मधी.” जन्मात पहिल्यांदा मला कुणी फोटोत मधोमध उभं केलं. माझ्या एका बाजूला तुम्ही, दुसऱ्या बाजूला शिवकन्या, मागं माळा लुकलुकतायत. तो फोटो तुम्ही ‘अण्णांच्या स्मृतीस’ म्हणून सगळ्यांना पाठवलात. मला घरी बसून शंभर जणांचे जोडलेले हात आले.

तुम्ही गल्ल्याकडं गेल्यावर मी पुस्तकाप्रमाणं तिचा एक फोटो घ्यायला बसले. जवळ गेले. नको ते बाहेर ठेवायला लागले. आधी माळा काढल्या, मग पाटी, मग प्लास्टिकची फुलं, मग रंग. भावजी, चौकटीत काहीच उरलं नाही.

असो. येळवशीला शेतात जेवायला या. कडब्याची कोप घातलेली आहे, पाच पांडवांच्या दगडांना चुना लावून होईल, भज्जीला पावटा भरपूर आलाय आणि आंबील मी तुमच्या पित्ताच्या मानानं कमी आंबट करीन. राग धरून लिहिलेलं नाही, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते.

तुमची वहिनी,
उमादेवी

ता. क. तिफण परत मागत नाही. एवढा रंग लागल्यावर ती तुमचीच झाली. फक्त पाटीवर अण्णांचं नाव घालायचा तुमचा विचार शिवकन्याकडून कळला, तो तेवढा सोडा. त्यांना सेल्फी म्हणजे काय ते माहीत नव्हतं.

ता. क. दोन. ज्यासाठी पत्र लिहिलं ते राहिलंच. रुमण्याचा कापलेला तुकडा तुमच्या तंदूरभट्टीमागच्या जळणात पडलेला मी पाहिला. त्याला रंग लागलेला नाही. वरच्या बाजूला खोलगट आहे, त्यावरून ओळखू येईल. आचाऱ्याला आजच सांगा, बाभळीचं वाळलेलं लाकूड म्हटल्यावर तो आधी तेच घालील. येळवशीला येताना घेऊन या. पुसू नका, वॉर्निश तर मुळीच नको.

ता. क. तीन. मी ते फोटोसाठी मागते आहे, असं शिवकन्याला वाटेल. फोटो माझ्याकडं आहे, चांगला आलाय. पण त्यात खोलगट नुसतं दिसतं. हात ठेवता येत नाही.