डचेसच्या पोटाचा निकाल लागेपर्यंत

मी, मर्ल हिंगस्टन, वय एकाहत्तर, राहणार स्कॉट्सडेल, टास्मानिया, कोणाच्याही दडपणाखाली न येता माझ्या पश्चात काय व्हावे ते लिहून ठेवत आहे. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कलम चार वाचून शंका आली, तर तो पुन्हा वाचावा.

कलम एक. राहते घर व बँकेतील शिल्लक माझी मुलगी जेनीन हिला मिळावी.

कलम दोन. सशांचे पिंजरे, विण्याच्या पेट्या, वजनकाटा व मेजर हा नर माझा धाकटा भाऊ लायल याला मिळावा. मेजरच्या पिंजऱ्याची कडी सैल आहे. हे वेळेवर लक्षात आले असते, तर पुढचा घोळ झाला नसता.

कलम तीन. ज्या परीक्षकांनी सशांच्या प्रदर्शनात माझ्या डचेसचे कान "जरा लांबच" ठरवले, त्यांना अंत्यविधीनंतर चहा द्यावा. केक देऊ नये.

कलम चार. डचेस ही मादी. तिची वीण बंद करून मी तिला स्वयंपाकघरात पाळली होती. मागच्या पंधरवड्यात मेजर तिच्याजवळ सापडला. आता ती गाभण असेल, तर तिला हिरव्या पोत्यातले, जास्त प्रथिनांचे खाद्य हवे, नाहीतर दूध कमी पडून पिल्ले मरतील. नसेल, तर निळ्या पोत्यातले, चोथ्याचे हवे, नाहीतर या वयात चरबी चढून तीच मरेल. आयुष्यभर मी पोट चाचपून सांगत आले. आता औषधांनी बोटे बधिर झाली आहेत. चाचपते, आणि काहीच कळत नाही.

लायल म्हणाला, "ताई, गाभणच आहे गं. हिरवं घाल."

जेनीन म्हणाली, "आई, ती नुसती सुटलीये. मामाला सगळीकडे पिल्लंच दिसतात!"

लायल तिच्यावर उसळला, "तू गप्प बस. तुझ्या त्या रंगीबेरंगी खाद्यानंच लहानपणी तुझा ससा गेला!"

जेनीन दार आपटून गेली. तेव्हापासून एक येतो तेव्हा दुसरी फिरकत नाही. डचेस मात्र दोघांनाही हवी आहे.

हे कलम मी लायलच्या नावे लिहिले, खोडले, जेनीनच्या नावे लिहिले, तेही खोडले. सध्या दोन्ही पोत्यांतले निम्मे-निम्मे घालते. हे बरोबर, की दोन्हीकडून चूक, देव जाणे.

सबब, पिल्ले झाल्यास डचेस लायलची, न झाल्यास जेनीनची. निकाल पुढच्या पंधरवड्यात लागेल. डॉक्टर मला तेवढ्याची खात्री देत नाहीत. मी गेल्यास तोवर तिला या घरातून हलवू नये. खाद्य एकदम बदलले की ससा खाणे सोडतो, माणूस बदलला तरी सोडतो. म्हणून दोघांनी इथेच येऊन राहावे. सकाळचे लायलने घालावे, संध्याकाळचे जेनीनने. ज्याला आधी कळेल, त्याने दुसऱ्याला हाक मारावी. ती हाक ऐकायला मी असायला हवी होते.

साक्षीदार:
१. एनिड बर्जेस, शेजारीण (हिच्या मते गाभण)
२. कीथ डावडल, खाद्याचे दुकानदार (यांच्या मते सांगता येत नाही)

सही: मर्ल हिंगस्टन
स्कॉट्सडेल, १४ ऑगस्ट २०१८