नवव्या डावातला हिरवा दिवा

मी, इवाओ मिनेगिशी, वय वर्षे ६९, राहणार शिओमिनातो, बंदरामागची चढण, व्यवसाय बेसबॉल लीगचा निवृत्त अधिकृत नोंदकार, लिहून ठेवतो की डॉक्टरांच्या मते माझे शरीर चेरीच्या बहरापर्यंत टिकणार नाही. बुद्धी मात्र, बायकोला शंका असली तरी, ठिकाणावर आहे. हे मृत्युपत्र मी कोणाच्याही दडपणाखाली लिहीत नाही. दडपणाखाली मी आयुष्यात एकच नोंद लिहिली. ती कलम पाचमध्ये येईल.

१. राहते घर, अंगण, त्यातले पर्सिमनचे झाड आणि टपाल बँकेतली शिल्लक माझी पत्नी सायो हिची. झाडाची फळे तुरट आहेत. सोलून वाळत घालावी लागतात, हे तिला माहीत आहे. दरवर्षी तीच घालते आणि मी खातो.

२. माझे थोरले बंधू शोएन हे आमच्या वडिलोपार्जित मठाचे पुरोहित. त्यांना माझा संस्कृत कोश. धाकटा मुलगा क्योतोला जाऊन चार वर्षे विभक्ती घोकतो आणि परत येऊन बेसबॉलच्या मैदानावर पेन्सिल घेऊन बसतो, याचा अन्वय वडिलांना अखेरपर्यंत लागला नाही. बंधूंना एक विनंती. माझे मरणोत्तर नाव पुरोहित म्हणून तेच ठेवतील. त्यात ‘सत्य’ या अर्थाचे अक्षर घालू नये. ते सवयीने घालतात.

३. दुर्बीण शेजारच्या होरिए बाईंना. पलीकडच्या घरात काय चालते ते त्यांना यापुढे नीट दिसेल. माझे जुने सहकारी ओगिनो यांना माझी काळी छत्री. ती एकतीस वर्षे त्यांच्याकडेच आहे.

४. आमच्या क्लबच्या, म्हणजे शिओमिनातो उमिनेकोच्या, एकवीस हंगामांच्या माझ्या खाजगी वह्या शहर वाचनालयाला, एक वगळून. क्लब विकला गेला, मैदानावर आता वाहनतळ आहे. तो संघ कुठे उरला असेल तर या वह्यांत. शोवा ५८ ची, म्हणजे १९८३ ची, वही जपावी. त्यात धुक्याचा सामना आहे. समुद्रावरून धुके आले, आमच्या फलंदाजाचा फटका त्यात शिरला तो परत आलाच नाही, आणि तो कुंपणापार गेला असे धरून पंचांनी होमरन दिला. दुसऱ्या दिवशी चेंडू कुंपणाच्या आतच, गवतात सापडला. क्लबच्या मोठ्या विजयांपैकी हा एक. शितावरून भाताची परीक्षा करावी. हेइसेइ ८ ची, म्हणजे १९९६ ची, वही शेवटच्या सामन्याची: नऊ विरुद्ध एक असे हरलो, प्रेक्षक सहाशे अकरा, एकही जण लवकर उठला नाही.

५. वगळलेली वही हेइसेइ ६ ची, म्हणजे १९९४ ची. ती सायोची, आणि हे कलमही तिच्यासाठीच.

त्या वर्षीच्या नऊ ऑक्टोबरला आमच्याकडून चेंडू टाकणारा पिचर होता रिन्तारो शिबुकावा, सायोचा धाकटा भाऊ. आमचे लग्न महिन्यावर आले होते. पत्रिका गेल्या होत्या. नवव्या, म्हणजे शेवटच्या डावात दोन गडी बाद होईपर्यंत रिन्तारोने एकही हिट दिली नव्हती. असा सामना क्लबच्या इतिहासात झाला नव्हता, पुढेही झाला नाही. सत्तावीसपैकी सव्विसावा गडी बाद झाल्यावर मैदान इतके शांत झाले की बंदरावरचे पक्षी ऐकू येत होते.

पुढच्या फलंदाजाने जमिनीलगत फटका मारला, थेट तिसऱ्या बेसवरचा आमचा क्षेत्ररक्षक तोकिएदा याच्याकडे. चेंडू त्याच्या हातमोज्यात बसला. बसल्याचा आवाज मी वर नोंदकारांच्या खोलीत ऐकला. मग तो सुटला आणि फलंदाज पहिल्या बेसवर पोचला.

अशा वेळी सगळे मैदान फलकाकडे बघते. फटका चांगला म्हणून पोचला तर हिट, हिरवा दिवा. क्षेत्ररक्षकाच्या हातून सुटला म्हणून पोचला तर चूक, तांबडा दिवा. आणि पिचरचा पराक्रम अभंग. बटणे माझ्यासमोर होती. बोट तांबड्यावर होते. शेजारून ओगिनो म्हणाले, “दाब की. मेहुण्याला आहेर चांगला देतोयस.”

मी हिरवे दाबले.

पुढचा गडी बाद झाला. आम्ही एक-शून्य जिंकलो. सामन्यानंतर रिन्तारो वर आला. हातात तो चेंडू. लग्नाआधीच मला दाजी म्हणायचा.

“दाजी, तुम्ही नीट पाहिलंत ना?”

“पाहिलं.”

“मग झालं. मी तिकडं पाठ करून उभा होतो.” त्याने चेंडू माझ्या टेबलावर ठेवला. “निकाल बदलायला एक दिवस असतो म्हणतात. बदललात तर द्या परत. नाहीतर राहू दे तुमच्याकडं.”

तोकिएदा बावीस वर्षांचा, नवा. त्याच्या नावावर ती चूक नको म्हणून मी हिरवे दाबले, असे मी स्वतःला पुढे सांगत आलो. ते खोटे आहे. मला आपण निःपक्षपाती दिसायला हवे होते. निःपक्षपाती असण्यापेक्षा ते सोपे पडले. दुसऱ्या दिवशी सायो आणि मी लग्नाच्या जेवणातला मासा ठरवत होतो. दुकानात टेलिफोन होता. “अहो, लक्ष कुठं आहे तुमचं?” असे तिने दोनदा विचारले. चार वाजून वीस मिनिटांनी मुदत संपली.

त्याने पुन्हा कधी विषय काढला नाही. दर नववर्षाला घरी यायचा, दुसऱ्या पेल्यानंतर म्हणायचा, “दाजी, तुमचं कपाट बरं आहे ना?” आणि हसायचा. सायोला वाटे, कपाटाला वाळवी आहे.

या फेब्रुवारीत तो दारातला बर्फ ओढता ओढता गेला. वर्तमानपत्राने लिहिले, ‘एका हिटने हुकलेला माणूस.’ शवपेटीशी बसून सायोने ते वाचले आणि मला विचारले, “एकच होती ना हो ती हिट?”

मी म्हणालो, “हो.”

सायो, ती एकही नव्हती.

६. चेंडू कपाटाच्या खालच्या खणात, माझ्या हिवाळी मोज्यांच्या मागे आहे. वर्षश्राद्धाला तो रिन्तारोच्या थडग्यावर ठेवावा. लीगने निकाल बदलावा असा माझा अर्ज नाही. मुदतीचा नियम नव्या नोंदकारांना मीच शिकवत असे. वहीत मात्र मी काल तांबड्या पेन्सिलीने दुरुस्ती केली आहे.

७. इसामु तोकिएदा यांचे आता बंदरावर नूडलचे दुकान आहे. पंचवीस वर्षे माझ्या वाडग्यात ते एक अंडे जास्त घालतात. पहिल्यांदा मी विचारले तर म्हणाले, “पडलं असेल चुकून. खा गुमान.” पुढे आम्ही त्यावर बोललो नाही. त्यांना माझे घड्याळ. त्यांनाच मी साक्षीदार म्हणून बोलावले आहे, कारण ओगिनो सोडले तर त्या चेंडूचे आता दोनच साक्षीदार उरले आहेत, ते आणि मी. मजकूर वाचून ते सही न करता उठले, तरी माझी तक्रार नाही.

८. माझ्या अस्थी कुठे ठेवायच्या ते सायोने ठरवावे. शिबुकावांच्या थडग्याशेजारी आम्ही जागा घेतली होती. तिथे मी नको असेन तर बंधूंच्या मठात कोपरा आहे. तिला कोणी कारण विचारू नये.

हे मी स्वहस्ते लिहिले, वाचले आणि खाली सही करून शिक्का उमटवला.

इवाओ मिनेगिशी (शिक्का)
शिओमिनातो, रेइवा ४ (२०२२), ११ नोव्हेंबर

साक्षीदार
१. फुमिको होरिए, निवृत्त शिक्षिका. लिहिणाऱ्यांनी माझ्यासमोर सही केली. दुर्बिणीबद्दलचा मजकूर मान्य नाही, दुर्बीण घेईन.
२. इसामु तोकिएदा, नूडल दुकानदार. सगळे दोनदा वाचले. लिहिणाऱ्यांनी माझ्यासमोर सही केली. चेंडू हातमोज्यात बसला होता. मी पळणाऱ्याकडे आधी बघितले, म्हणून सुटला. सायोताईंना हे सांगायला मी स्वतः जाईन, आजच.