आभाळाच्या कडा

हुंदर, ९ जून २०२४

ती. आण्णांस,
विश्वजितचा शि. सा. न. वि. वि.

पुन्हा तेच! कॅमेऱ्याचा फिल्टर मी पाठवला हीच चूक झाली म्हणता, आणि आभाळ या टोकापासनं त्या टोकापर्यंत एकसारखं निळं आलंय असंबी लिहिता. दोन्हीतलं एक काय ते धरा की. अक्कानं धाडलेला फोटो माझ्यासमोर हाय. वडगावच्या दूध संस्थेचे साठ सभासद, मागं नवी इमारत आणि चेअरमन हंबीररावांच्या डोक्यावर शाई सांडल्यागत काळपट निळा पट्टा. दोन्ही कडांचं आभाळ मात्र पांढरंफटक. संस्थेवर काळं आणलंसा म्हणून त्यांनी फ्रेम परत केली, ती काय उगं न्हाई.

फिल्टरच्या डबीत चिठ्ठी घातलेली. हा पोलरायझर फिल्टर चमक मारतो, आभाळ गडद करतो, पण सगळं आभाळ न्हाई. ऊन एका अंगानं असलं की समोरचा तेवढाच पट्टा गडद होतो. वाईड लेन्समधी आभाळ लई मावतंय, तिथं हे दिसणारच. रिंग फिरवून बघा, पट्टा दिसला तर फिल्टर काढा, एवढंच लिहिलेलं.

आठवी नापासानं चाळीस वर्षं फोटो काढणाऱ्याला शिकवू नये म्हणालासा. बरं. माग सोडला, हाटेल सोडलं, हेबी सोडशील म्हणालासा. अजून सोडलं न्हाई. फोटोग्राफर साहेबांची कॅमेऱ्याची बॅग वाहतो, पण डोळे उघडे ठेवून वाहतो.

इथं रेंज न्हाई. लेहला गेल्यावर फोन लावला तर आवाज ऐकून ठेवता. म्हणून हे पत्र. राग माझ्यावर राहू द्या, लोभ अक्काकडं द्या, ती पोचता करंल.

आपला,
विश्वजित


कोल्हापूर, २२ जून २०२४

चि. विश्वजितास,
वर्षाराणी अक्काचे अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं आणि घरात दिवाळीचे फटाके वाजले. आण्णांनी फोटो टेबलावर ठेवला, मधोमध बोट लावलं आणि दाखव म्हणाले कुठं पांढरं आहे ते. मी कडेला बोट नेलं. त्यांनी फोटोच सरकवून ती कड नजरेसमोर आणली. मग म्हणाले, छापणाऱ्यानं घाण केली. तुमचं दोघांचं नाक एकाच साच्यातलं बाबा, मोडंल पण वाकायचं नाही.

तुझ्यावरच्या रागात त्यांचं कशात ध्यान नाही. कोपराशी ठेवलेला चहा दोनदा सांडला. मधी आणून ठेवतीस म्हणून मलाच ओरडले. परवा स्टुडिओच्या शटरच्या खांबाला खांदा थडकला. गंगावेशीत बाजूनं आलेल्या गाडीवाल्याशी भांडले, हॉर्न का वाजवला नाहीस म्हणून. वाजवलेला, मी होते की संगं. चष्मा तपासा म्हटलं तर पेपरातली बारीक जाहिरात वाचून दाखवली मला, खडाखडा. ग्रुप फोटोत हल्ली कडेची माणसं अर्धी तुटतात, म्हणून सगळीकडं ती वाईड लेन्सच लावून बसतात.

तू थंडीत कानाला बांधत जा. आणि एकदा तरी वाकून लिही त्यांना. आमची आठवण तुझ्या बॅगेत सगळ्यात वर असू दे.

तुझी,
अक्का


हुंदर, ४ जुलै २०२४

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आज मिळालं. तीनदा वाचलं. अक्का, तो राग नव्हं. आण्णांना कडा दिसत न्हाईत. मधलं तेवढं दिसतंय, म्हणून जाहिरात वाचतात. फोटोचा मधला पट्टा गडद निळा हाय, त्यांना तेवढाच दिसला. ते खोटं बोलत नव्हते गं.

तानाबाई आत्या आठव. आपलं तोंड वळखायची आणि चौकटीला थडकायची. आपण हसायचो. काचबिंदू म्हणाला डॉक्टर, सख्ख्या भावांनीबी तपासून घ्या म्हणाला. आण्णांनी ऐकलं का? गेलेलं परत येत न्हाई, राहिलेलं तेवढं राखता येतं. आत्याचं राहिलेलंबी गेलं. मी महिनाभर त्यांना आंधळ्यागत काम करता म्हणून बोलत हुतो. आता जीभ तोडावी वाटती.

उद्याच डोळ्यांच्या दवाखान्यात ने. येत न्हाई म्हणाले तर सांग, विश्वजित हरला. फिल्टरची काचच खराब होती, तुमचं आभाळ बरोबर हुतं म्हणून सांग. हंबीररावांना मी हात जोडून लिहितो. भांडण सगळं त्यांना दे, फक्त डोळे तपासून घे. रड, उपाशी बस, काय बी कर, पण ने.

मला इथनं पंधरा तारखेच्या आधी सुटका न्हाई. तवर तू त्यांच्या बाजूनं चाल. दोन्ही बाजूंनी कसं चालशील ते मला कळंना.

टपालाची वाट बघायला वेळ न्हाई. साहेबांचा ड्रायव्हर लेहला पोचला की ह्या कागदाचा फोटो तुझ्या मोबाईलवर टाकंल. तुझी माया सध्या सगळी आण्णांवर राहू दे, माझी उधार चालंल.

तुझा,
विश्वजित

ता. क. स्वतःच्या वाईड लेन्ससाठी साठवलेलं सगळं ड्रायव्हरकडं दिलंय, तो तुझ्या खात्यावर भरंल. आण्णांना म्हणावं, लेन्स तुमच्याच डोळ्यांना बसवा. अठरा हजार चारशे रुपये.