गोड्या पाण्यातल्या बावीस कुर्ल्या

बंदरवाडी, ता. १७ एप्रिल २०२५

ती. बशीरभाई यांस,
धाकट्या मिनाजचा सलाम. वि. वि. फोनवर तुम्ही मला बोलूच देत नाही, म्हणून कागदावर लिहिते. इकडं सगळे खुशाल आहेत.

दिवाळीच्या सुटीत तुम्ही पोरांना घेऊन धक्क्यावर कुर्ल्या, म्हणजे तुमच्याकडचे खेकडे, धरल्यात. परंड्यात आठव्या दिवशी नळ येतो, तिथल्या माणसानं गोडं पाणी पुढं करणं म्हणजे मोठी खातिरदारी, हे मला कळतं. पण समुद्राच्या कुर्लीला जारचं पाणी देणारा माणूस या किनाऱ्यानं पहिल्यांदाच पाहिला. एका बादलीत बावीस, वर ऊन. तुम्ही गाडीत बसून गेलात, मेलेल्या कुर्ल्यांची बादली मी रिकामी केली.

आता मच्छीमार सोसायटी बाहेरच्या पोरांना धक्का बंद करायला निघालीय. घाटावरच्यांना दर्या म्हणजे खेळणं वाटतं, असं चेअरमन म्हणाले. बारा वर्षं इथं नांदतेय, सभेत कधी तोंड उघडलं नव्हतं. त्या दिवशी उठले. म्हटलं, एक रविवार द्या, पोरं दोरीनं धरतील आणि जिवंत सोडतील. एक जरी मेली तरी मी पुन्हा सभेत उठणार नाही. १८ मे ठरलाय. तुम्ही या, पण शिकून या.

राग आहे तेवढाच लोभही आहे, दोन्ही समजून घ्यावेत.
तुमची,
मिनाज

परंडा, ता. ४ मे २०२५

चि. मिनाज हिस,
भाईच्या अनेक दुआ. वि. वि. तुझं पत्र अम्मीनं माझ्या अलिजाकडून दोनदा वाचून घेतलं. जारच्या पाण्यापाशी तिला थांबवलं आणि मला विचारलं, की मास्तरकी करून एवढंच शिकलास व्हय. चूक माझीच होती, आणि बादली तुझ्यावर टाकून गेलो याची जास्त लाज वाटते.

तालीम मात्र जोरात आहे. दर रविवारी बापलेक कोळेगावच्या धरणावर जातो. गळ लावत नाही, दोरीला जाळीची पिशवी आणि तिच्यात कोंबडीचं मुंडकं. खेकडा पिशवी धरतो, मग हळूच वर घ्यायचा. बादलीत धरणाचंच पाणी, ती सावलीत, आणि चारपेक्षा जास्त खेकडे नाहीत. पोटाला अंडी दिसली की मादी लगेच परत पाण्यात. सोडतानाही वरून फेकायचं नाही, काठाशी बसून बादली आडवी करायची. मासे धरणाऱ्या बलभीमनं हे सगळं शिकवलं, पण खेकडा मागून धरायचा असतो हे त्यानं माझा अंगठा नांगीत अडकल्यावर सांगितलं. अलिजा नऊ वर्षांची, पण पाणी बदलायला पाच मिनिटं उशीर झाला तरी मला लई बोलते.

तुझा शब्द खाली पडू देणार नाही. अम्मीचे आशीर्वाद, आमची माया नेहमीची.
तुझा,
बशीरभाई

बंदरवाडी, ता. २१ मे २०२५

ती. बशीरभाई यांस,
मिनाजचा सलाम, अम्मीला कदमबोसी. वि. वि. रविवारी दुपारच्या एसटीनं तुम्ही गेलात, आणि संध्याकाळची सभा हुकली. म्हणून सविस्तर लिहिते.

एकेचाळीस पोरं, एकशे सहा कुर्ल्या. सगळ्या जिवंत परत गेल्या.

पण एक गोष्ट तुम्ही लपवलीत. चेअरमनच्या नातवानं बादली उन्हात ठेवून तिच्यात अकरा कुर्ल्या कोंबल्या होत्या. अलिजानं ती सावलीत ओढली, सात सोडायला लावल्या, समुद्राचं ताजं पाणी भरून दिलं, आणि पोरगा रडेल म्हणून कुणाला सांगायचं नाही असं तुम्हाला बजावलं. चेअरमन मागं उभं राहून सगळं बघत, ऐकत होते. सभेत त्यांनीच उठून सांगितलं, की धक्का आज माझ्याच घरानं बंद पाडला असता, घाटावरच्या पोरीनं वाचवला.

धक्का उघडा राहिला, भाई. दर रविवारी, सगळ्यांच्या पोरांना. देखरेखीला मला नेमलंय. ठराव लिहिताना सेक्रेटरीनं माझ्या नावापुढं बंदरवाडी घातलं. मी पुन्हा उठले. म्हटलं, पुढं माहेर परंडा, जिल्हा धाराशिव असंही लिहा. चेअरमननी मान हलवली आणि त्यानं लिहिलं.

टपाल निघायच्या आत घाईनं लिहितेय, अक्षराकडं बघू नका. लोभ अलिजाच्या वाट्याचा जरा जास्त.
तुमची,
मिनाज