तपासणीआधीची तयारी

३ जून
...आणि म्हणूनच ब्रोकोली कच्चीच खायची, हे बायकोला परत एकदा समजावलं. तिच्या मावशीला गर्भाशयमुखाचा कॅन्सर झाला, उशिरा कळला, मावशी गेली. तेव्हापासून बायको घाबरलेली. मी नाही. मी व्हिडिओ बघितलेत. फ्रिजवर चार्ट लावला: पालक, गाजर, टोमॅटो, चालणं, झोप. वर बायकोचं नाव, स्केचपेनने. आई म्हणाली, प्रोफेसर, तुमचा चार्ट जरा सरकवा, फ्रिज उघडत नाहीये.

४ जून
डॉक्टरीणबाईंकडे गेलो. म्हणाल्या, गर्भाशयमुखाची तपासणी करून घ्या. घरात सिगारेटचा धूर नको. चांगलं खा, पण खाण्याने तपासणी टळत नाही.
आहारावर एकच वाक्य! संशयास्पद. भाजीवाल्याकडून कमिशन मिळत नसणार.
बायको म्हणाली, गुरुवारी करूनच टाकू, तू बरोबर ये. मी म्हटलं, अगं, अभ्यास न करता कुणी परीक्षेला बसतं का? आधी बॉडी क्लीन करू, मग बघ रिपोर्ट कसा फर्स्ट क्लास येतो. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. इम्प्रेस झाली असावी.
सिगारेट: बंद. आजपासून.

७ जून
सिगारेट: उद्यापासून. तशी मी गॅलरीतच ओढतो, म्हणजे टेक्निकली घराबाहेर. आणि एखादी मी कामाला असतो त्या बुटांच्या दुकानाच्या गोडाऊनमध्ये. तिथे बुटांच्या रबराचा इतका वास असतो की कुणाला पत्ता लागत नाही. आज मालक म्हणाले, एका गिऱ्हाइकाने कोरे बूट परत आणले, आतून तंबाखूचा वास येतो म्हणे.
गिऱ्हाइकं हल्ली काहीही बोलतात.

१२ जून
घरात काहीतरी शिजतंय, आणि ते पालक नाही. आई आणि बायको कुजबुजत असतात. मी आलो की गप्प. सासू-सुनेचं एकमत? कुठेतरी पाणी मुरतंय.
कचऱ्याचा डबा तपासला. चिप्सचं पाकीट! बायकोला जाब विचारला. म्हणाली, तुझंच आहे.
आठवत नाही. (असेलही. मसालेवालं होतं.)

१८ जून
तपासणी परत पुढे ढकलली. बायकोचं गाजर कमी पडतंय. ती म्हणाली, मावशीनेही असंच आज-उद्या, आज-उद्या केलं होतं. मी म्हटलं, पण मावशीकडे चार्ट कुठे होता? त्यावर ती उठली, आईच्या खोलीत गेली, दार लावून घेतलं. मी सहज दाराजवळ उभा होतो. आई सांगत होती, अगं, हा पोहायला पुस्तकातून शिकला, अजून कमरेएवढ्या पाण्यात उभा आहे.
कुणाबद्दल चाललं होतं, कळलं नाही.

२४ जून
दुपारी दुकानातून घरी फोन केला. कुणी उचलेना. मग शेजारच्या काकूंना लावला. म्हणाल्या, दोघी टॅक्सीने गेल्या, छान आवरून. आलं लक्षात. केक शॉप!
संध्याकाळी दारातच उभा राहिलो. दोघी आल्या, आणि आईच्या हातात खरंच केकचा बॉक्स. रंगेहाथ पकडलं! बायको शांतपणे चपला काढत म्हणाली, तपासणी करून आलो, दोघींनी केली. तुला नेलं असतं तर तू डॉक्टरांनाच गाजर खायला लावलं असतंस.
दोघींनी? यात आईचा काय संबंध?
आई म्हणाली, का रे, मी बाई नाही का?
केक खाल्ला. रागाने. परत घेतला.

२ जुलै
बायकोचा रिपोर्ट नॉर्मल. मी म्हटलं, बघितलंस, गाजर! बायकोने आईचा रिपोर्ट पुढे केला.
आईला परत बोलावलंय. आणखी नीट बघायला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एवढ्यात घाबरू नका, पण टाळूही नका.

३ जुलै
चार्ट काढला. आईचं नाव त्यावर कुठेच नव्हतं. रोजचं गाजर तीच किसत होती. तिच्या स्वतःच्या ताटात काय असायचं, आठवून बघितलं. नाही आठवलं. आणि गॅलरीचं दार उघडतं ते आईच्या खोलीत. हे मला आधी माहीत नव्हतं, अशातला भाग नाही.
सिगारेट: लिहीत नाही.

५ जुलै
उद्या आईच्या पुढच्या तपासणीला जायचंय. बायकोला वाटलं, आई तिलाच बरोबर नेईल. पण आई म्हणाली, प्रोफेसर येऊ दे. फक्त तिथे कुणाला काही शिकवू नकोस हं, बाळा. एवढं बोलून ती माझा शर्ट इस्त्रीला घेऊन गेली. एकाच बाहीवर तिने तीनदा इस्त्री फिरवली. मी हॉलमधून बघत होतो. जवळ जाऊन काय बोलायचं ते कुठल्याच व्हिडिओत नाहीये.
ही डायरी घरात कुणीतरी वाचतं, असा मला संशय आहे. वाचत असाल तर खरं सांगा: उद्या मी बरोबर गेलो तर आईला धीर येईल, की तिथेही तिलाच मला धीर द्यावा लागेल?