पुढं काय हाय?

अण्णा, आज भाकरी थापताना तुमची फार आठवण आली. आई गेल्यावर चुलीपुढे तुम्हीच बसायचात. मी पाटबंधारे खात्यात नवी ओव्हरसीअर, झरीहून रोज परभणीला ये-जा करायची, आणि संध्याकाळी तुमच्या शेजारी बसून खात्याच्या परीक्षेचं पाठांतर करायची. कालव्याचं काम हाती कसं घ्यायचं, मग आखणी, मग अंमलबजावणी, मग देखरेख, शेवटी काम सोपवणं. प्रत्येकाच्या पोटात पुन्हा ढीगभर गोष्टी. अंमलबजावणीनंतर माझी गाडी हमखास अडायची. तुम्ही तव्यावरची भाकरी उलटत विचारायचात, "थांबलीस का? पुढं काय हाय?" मी चिडायचे. तुम्हाला तरी त्यातलं काय कळतं, म्हणायचे. "मला काईच कळंना. पर तू अडकायलीस, तेवढं ऐकू यायलंय."

पास झाले तरच बढती, आणि संधी दोनच. पहिल्या खेपेला परीक्षेसाठी औरंगाबादला निघायचं आणि नेमकी विद्यापीठाच्या नामांतरावरून सगळीकडे एसटी बंद. आपण दोघं सकाळपासून फाट्यावर उभे आहोत. रस्त्यावर चिटपाखरू नाही. उन्हं कलली तसं मला रडू फुटतं. कामाच्या आखणीची एवढी पुस्तकं वाचली, पण गाडीच आली नाही तर माणसानं काय करायचं, हे एकातही नव्हतं. तुम्ही मैलाच्या दगडावर बसलात, पटका सोडून मांडीवर ठेवलात. "रडू नकूस. म्हण. मी ऐकायलोय." मी हुंदके देत म्हणत गेले आणि पहिल्यांदाच कुठेही न अडता शेवटापर्यंत पोचले. तुम्ही म्हणालात, "झालीस की पास." मला इतका राग आला की घरी येईपर्यंत तुमच्याशी बोलले नाही.

दुसऱ्या खेपेला गाड्या चालू होत्या, तुम्ही नव्हतात. परीक्षेच्या हॉलमध्ये अंमलबजावणीपाशी पेन थांबलं ते थांबलंच. आजूबाजूला पानं भराभर उलटत होती. मी नुसती बसून राहिले, कुणी काही विचारेल म्हणून. ओव्हरसीअर म्हणून लागले, ओव्हरसीअर म्हणूनच निवृत्त झाले. त्याचं आता काही वाटत नाही असं लिहिणार होते, पण वाटतं.

हे पत्र कुठे टाकायचं ते मला माहीत नाही, त्यामुळे ते इथेच पिठाच्या डब्याखाली राहील. तेवढं एक सांगते. ते सगळं आता मला तोंडपाठ आहे. रोज भाकरी थापताना म्हणते, आणि अंमलबजावणीपाशी आले की मुद्दाम थांबते.